ॲव्हलांच कॅनडा: रंग पाहून थांबू नका, खालचं वाचा

आधी निकाल सांगते, मग कारणं. कॅनडाच्या पश्चिमेकडच्या डोंगरांत बर्फ असेपर्यंत, पायात स्की असोत, स्नोशू असोत की नुसते जाड बूट, ॲव्हलांच कॅनडा या संस्थेचा त्या दिवसाचा हिमस्खलनाचा अंदाज वाचल्याशिवाय कुणी गाडीच काढू नये. पाचपैकी साडेचार. सेवा फुकट आहे, आणि फुकट ते पौष्टिक ही म्हण इथे खरोखर लागू पडते. अर्धा गुण मी कापते तो वसंतासाठी, म्हणजे साधारण मार्चअखेरपासून पुढच्या दिवसांसाठी. आणि नेमके हेच दिवस आपल्या लोकांना डोंगरात जायला सगळ्यांत आवडतात: थंडी ओसरलेली, दिवस मोठा झालेला, आभाळ निळंशार.

मी मूळची नाशिकची. ब्रह्मगिरी, अंजनेरी, हरिहर करत वाढलेली, आता कॅलगरीत स्थिरावलेली. आपल्याकडे डोंगर कोसळतो तो पावसात. माळीण, इर्शाळवाडी ही नावं घेतली की मुसळधार पाऊसच डोळ्यांपुढे येतो. त्यामुळे वाईट हवेची धास्ती आपल्या अंगात आधीपासून असते. रॉकीजमध्ये वसंतात चांगल्या हवेची धास्ती बाळगायची असते, आणि ती कुणीतरी शिकवावी लागते. मला ती बऱ्याच अंशी या अंदाजाने शिकवली.

संस्थेबद्दल थोडं. ॲव्हलांच कॅनडा हे सरकारी खातं नाही. ब्रिटिश कोलंबियातल्या रेव्हलस्टोक या डोंगरातल्या छोट्या गावातून चालणारी ही ना-नफा संस्था. २००२-०३च्या हिवाळ्यात कॅनडात हिमस्खलनांनी २९ माणसं गेली. त्या जानेवारीत रेव्हलस्टोकजवळच्या डोंगरात सात जण गेले, आणि दोन आठवड्यांच्या आत, १ फेब्रुवारी २००३ला, रॉजर्स पास या खिंडीजवळ शाळेच्या सहलीतली सात मुलं. देश हादरला, आणि २००४मध्ये ही संस्था उभी राहिली. रॉजर्स पासला हे दुःख नवं नव्हतं. ४ मार्च १९१० रोजी आधीच्या स्खलनाखालून रेल्वेमार्ग मोकळा करत असलेल्या मजुरांवर समोरच्या डोंगरावरून दुसरं स्खलन आलं आणि ५८ जण गेले. त्यांत जपानी मजूर बरेच होते. पुढे रेल्वेने तो माथाच सोडला आणि डोंगराखालून कॉनॉट बोगदा काढला. हे सगळं अंदाजाच्या पानावर नसतं, पण तो वाचताना माझ्या मनात असतं.

पानावर काय असतं? नकाशावर आपला भाग दाबायचा. बॅनफ, योहो, कूटनी, जॅस्पर या राष्ट्रीय उद्यानांचा अंदाज पार्क्स कॅनडाची माणसं लिहितात, कॅननॅस्किसचा अल्बर्टा पार्क्सची, बाकीचा बराचसा भाग रेव्हलस्टोकची मंडळी. पण सगळं एकाच संकेतस्थळावर, एकाच साच्यात दिसतं, हे फार सोयीचं. दुपारी चारच्या सुमारास दुसऱ्या दिवसाचा अंदाज येतो. डोंगराचे तीन पट्टे केलेले असतात: झाडांच्या वरचा उघडा भाग, झाडं संपतात तिथला, आणि त्याखालचा जंगलाचा. प्रत्येक पट्ट्याला १ ते ५पैकी एक आकडा आणि त्याचा रंग. हिरवा लो, पिवळा मॉडरेट, केशरी कन्सिडरेबल, लाल हाय, काळा एक्स्ट्रीम.

बहुतेक लोक इथेच थांबतात. माझ्या मते घोडं पेंड खातं ते इथेच.

एक म्हणजे, ही पट्टी शाळेच्या मार्कांसारखी समसमान पायऱ्यांची नाही. पिवळ्या दोनचा अर्थ असा की स्खलन आपोआप होणं अवघड, पण माणसाच्या वजनाने होऊ शकतं. केशरी तीनचा अर्थ, माणसाच्या वजनाने होण्याचीच शक्यता जास्त आणि आपोआपही होऊ शकतं. लाल-काळ्या दिवशी शहाणी माणसं घरी बसतात. माणसं दगावतात ती जास्त करून मधल्या रंगांच्या दिवशी, कारण तेव्हा "जाऊन तर पाहू" असं वाटतं.

दुसरं कारण वसंताचं. जानेवारीत डोंगराची परिस्थिती सकाळी जी असते, बहुतेक वेळा संध्याकाळीही तीच. एप्रिलमध्ये तोच उतार पहाटे पाचला अगदी भरवशाचा आणि दुपारी दोनला जीवघेणा. दिवसभर उन्हाने वरचा बर्फ वितळतो, रात्री गोठतो, पुन्हा वितळतो. रात्री नीट गोठला तर पहाटे वर असा कडक पापुद्रा येतो की बूट आपटला तरी रुतत नाही. ऊन चढलं की तो पापुद्रा वरून सुटू लागतो आणि दोन-तीन सेंटीमीटरचा सुटा दाणेदार बर्फ तयार होतो, भिजवलेल्या साबुदाण्यासारखा. स्की करणाऱ्यांचा हा सुवर्णकाळ, त्यासाठी तर सगळी धडपड. पण तो तास-दोन तासच टिकतो. मग पाय घोट्यापर्यंत जातो, मग पोटरीपर्यंत, आणि तेव्हा त्या उतारावर कुणीही असू नये.

आता यातली सगळी गंमत "रात्री नीट गोठला तर" या चार शब्दांत आहे, आणि त्याची माहिती रंगात नाही, खालच्या मजकुरात आहे. आभाळ निरभ्र असेल तर बर्फ आपली उष्णता वर आकाशात सोडून देतो. हवा शून्याच्या थोडी वर असली तरी पृष्ठभाग गोठू शकतो. आभाळ ढगाळ असेल तर ढग ती उष्णता परत खाली पाठवतात, आणि बर्फ रात्रभर ओलाच राहतो. सोबत फ्रीझिंग लेव्हल पाहायची, म्हणजे किती उंचीवर हवेचं तापमान शून्य आहे. रात्री ती १,५०० मीटरपर्यंत उतरणार आणि आभाळ मोकळं राहणार असं लिहिलेलं असेल तर आमची मंडळी खुशीत असतात. ती ३,००० मीटरवरच अडकून राहणार आणि वर ढग, असं असेल तर मी रंग कोणताही असो, गजर लावत नाही.

मागे माझा भाचा पुण्याहून आला होता. कळसूबाईपासून हिमालयातल्या खिंडींपर्यंत फिरलेला, तब्येतीने खणखणीत. शुक्रवारी रात्री त्याने माझ्या फोनवरचा अंदाज पाहिला आणि म्हणाला, "आत्या, खाली हिरवं, वर दोन्हीकडे पिवळं. मग पहाटे तीनला निघायचं काय खूळ आहे? नऊला नाश्ता करून निघू की."

"खालचा परिच्छेद वाच."

त्याने वाचला. पहाटे धोका कमी. ऊन लागेल तसा उभ्या, सूर्याकडे तोंड असलेल्या उतारांवर वाढत जाईल. कॉर्निसच्या, म्हणजे धारेबाहेर अधांतरी वाढलेल्या बर्फाच्या, खाली रेंगाळू नका. त्याचा चेहरा उतरला, पण गजर तीनच्याही आधीचा लागला.

आम्ही बो समिटला गेलो. लेक लुईझच्या पुढे आइसफील्ड्स पार्कवेवर साधारण ४० किलोमीटर, उंची सुमारे २,०७० मीटर, म्हणजे गाडीतून उतरतो तिथेच कळसूबाईच्या चारशे मीटर वर. उजाडताना पापुद्रा असा होता की स्कीच्या कडांचा करकर आवाज जंगलात घुमत होता. दहानंतर पूर्वेकडच्या खडकांखालच्या उतारांवरून बर्फाचे छोटे गोळे आपले आपण गडगडत येऊ लागले. अंदाजात हे चिन्ह स्पष्ट लिहिलेलं असतं: गोळे सुटू लागले की वरचा थर पाणी धरू लागला, आता त्या बाजूला जायचं नाही. भाच्याने स्वतःच ते दाखवलं. बारा वाजायच्या आत गाडीत बसून आम्ही डब्यातली थालीपीठं खात होतो, आणि वाहनतळावर तेव्हा कुठे काही गट सामान काढत होते. आमच्यातल्या एकाने त्यांना अंदाज वाचलात का असं विचारलं. "हो, यलो आहे ना," असं उत्तर आलं.

उन्हाचा क्रम लक्षात ठेवायला सोपा आहे: सकाळी पूर्व, दुपारी दक्षिण, मग पश्चिम, उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारांवर मात्र एप्रिलमध्येही हिवाळाच असतो, त्यामुळे तिथे हिवाळ्याचीच भीती, वाऱ्याने साठलेले थर वगैरे. अंदाजात प्रत्येक धोक्याशेजारी दिशांचं चक्र काढलेलं असतं, त्यात कुठल्या बाजू आणि कुठली उंची ते रंगवलेलं. माझ्या मते संपूर्ण पानावरची सगळ्यांत उपयोगी आकृती हीच. धोक्यांना नावंही आहेत. वेट लूज म्हणजे एका बिंदूतून सुटून खाली फाकत जाणारा ओला बर्फ. वेग कमी पण वजन एवढं की पाय ओढून खालच्या कड्यावरून टाकील. वेट स्लॅब म्हणजे पाणी आत झिरपून जुन्या कमकुवत थरापर्यंत पोचलं आणि वरची अख्खी चादर एकदम सुटली. आमच्या रॉकीजमध्ये हा प्रकार विशेष, कारण इथे हिवाळ्याच्या सुरुवातीला बर्फ कमी आणि थंडी कडाक्याची. तळाशी साखरेच्या दाण्यांसारखा न चिकटणारा थर तयार होतो आणि तो महिनोन्‌महिने पडून राहतो. पश्चिमेला कोलंबिया पर्वतरांगांत बर्फ खूप पडतो, तिथे तळ बहुधा जास्त मजबूत असतो. आणि कॉर्निस. तो कधी तुटेल हे कुणालाच नेमकं सांगता येत नाही, आणि अंदाजही तसं सांगण्याचा आव आणत नाही.

हा प्रामाणिकपणा मला या सेवेत सगळ्यांत भावतो. प्रत्येक अंदाजाच्या शेवटी लिहिणाऱ्याला स्वतःच्या अंदाजाची खात्री किती, हे दिलेलं असतं, आणि कमी असेल तर का कमी तेही: ढग किती राहतील नक्की नाही, अमुक भागातून निरीक्षणं आलेली नाहीत. असं लिहिणारी हवामानसेवा मी दुसरी क्वचितच पाहिली आहे.

त्याच संकेतस्थळावर पर्वतीय हवामानाचं वेगळं पान आहे. कॅनडाच्या हवामान खात्याचे तज्ज्ञ ते तयार करतात. नकाशे, वारा, फ्रीझिंग लेव्हल, आणि प्रशांत महासागरावरून काय चाल करून येतंय त्याची सरळ भाषेतली हकिगत. फोनवरच्या साध्या हवामानाच्या ॲपपेक्षा हे का पाहायचं? बॅनफ गाव १,३८३ मीटरवर आहे. तुम्ही चढणार २,५०० मीटरच्या धारेवर. नेहमीच्या हिशेबाने किलोमीटरला साडेसहा अंश धरले तर वर सात-एक अंश कमी हवेत. पण थंड हवा दरीत साठून राहिली की उलटंच होतं, गावात काच खरवडावी लागते आणि वर ऊबदार. चिनूक, म्हणजे डोंगर उतरून येणारे कोरडे ऊबदार वारे, आले की तर विचारूच नका. कॅलगरीकर चिनूकला खूश होतात, अंगणातला बर्फ एका दिवसात जातो म्हणून. डोंगरातल्या बर्फाला एवढी झटपट ऊब मुळीच मानवत नाही. या पानाची मर्यादा अशी की ते अख्ख्या पश्चिम कॅनडाचं चित्र दाखवतं. तुमच्या दरीचं हवामान तुम्हालाच त्यातून काढावं लागतं. सरावाने जमतं.

आणखी एक खजिना म्हणजे माउंटन इन्फर्मेशन नेटवर्क. तुमच्या-माझ्यासारखे लोक परत आल्यावर काय पाहिलं ते फोटोंसकट तिथे टाकतात. वसंतात याची किंमत दुप्पट, कारण "गुरुवारी सकाळी अकरालाच पापुद्रा गेला होता" हे एक वाक्य शनिवारचा बेत ठरवू शकतं. अर्थात लोक जिथे जातात तिथलीच माहिती असते. कुणी काही टाकलं नाही याचा अर्थ तिथे काही घडलं नाही, असा घेऊ नये.

आता कापलेला अर्धा गुण. प्रत्येक पट्ट्याला दिवसाला एकच आकडा. वसंतात सकाळचा आणि दुपारचा डोंगर वेगळा असतो हे लिहिणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं, मजकुरात ते लिहितातही, पण मोठ्या अक्षरांत दिसतो तो एकच रंग. स्वित्झर्लंडची एसएलएफ ही संस्था वसंतात दोन नकाशे काढते: एक कोरड्या बर्फाचा, एक दिवस चढेल तसा वाढणाऱ्या ओल्या बर्फाचा. माझ्या भाच्यासारखा नवखा माणूस तिथे फसायची शक्यता कमी. इथेही असं व्हावं. शिवाय एकेक भाग हजारो चौरस किलोमीटरचा. एवढ्या पसाऱ्याला एक रंग म्हणजे सरासरीच. आणि एप्रिल संपता संपता बहुतेक ठिकाणचे रोजचे आकडे बंद होतात, वसंतात काय सांभाळायचं याचा एक सर्वसाधारण मजकूर तेवढा उरतो. उंचावर बर्फ जूनपर्यंत असतो. खर्च आणि मनुष्यबळाचं गणित मला कळतं, आणि वसंतात निर्णय तासावर अवलंबून असल्याने तो जागेवरच घ्यावा लागतो हेही पटतं. तरी सवय झालेल्या माणसाला मेमध्ये ते पान उघडून चुकल्यासारखं होतं. तो मजकूर मात्र जपून ठेवण्यासारखा आहे. माझ्याकडे तो छापून फ्रिजवर लावलेला आहे.

भाषा इंग्रजी आणि फ्रेंच. कॅनडाच्या अधिकृत भाषा याच दोन, तक्रार नाही. पण मे महिन्यात आईबाबा, सासूसासरे, मित्रांची कुटुंबं येतात आणि लेक लुईझ ठरलेलंच असतं. सरोवर मेच्या शेवटापर्यंत बहुतेक गोठलेलं. मग कुणीतरी म्हणतं, वर ते लेक ॲग्नेसचं टी-हाउस आहे ना, तिथवर चालत जाऊ, वाट मळलेली आहे. त्या वाटेवर आणि प्लेन ऑफ सिक्स ग्लेशियर्सच्या वाटेवर बर्फ असताना स्खलनाचा धोका असतो, वरचे उतार थेट वाटेवर उतरतात. पाहुण्यांना हे कळत नाही, कारण त्यांच्या लेखी हिमस्खलन म्हणजे एव्हरेस्ट. अशा वेळी फोन काढून मराठीत दोन वाक्यांत समजवायचं काम आपलं. स्खलनाच्या वाटा ओळखायला फार विद्या लागत नाही: दाट झाडीत वरून खालपर्यंत झाडं नसलेला उभा पट्टा दिसला की तिथून बर्फ येतो.

एवढ्यावर मात्र कुणी हिवाळी भटकंतीत उतरू नये. अंदाज समजायला एएसटी-१ हा हिमस्खलन-सुरक्षेचा प्राथमिक कोर्स हवाच. साधारण दोन दिवसांचा, एक वर्गात, एक बर्फात. अभ्यासक्रम ॲव्हलांच कॅनडाचा, शिकवतात खासगी मार्गदर्शक, त्याला पैसे पडतात. ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठाव लावणारं संदेशयंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं प्रत्येकाकडे, एका गटात एक असं नाही. गाडला गेलेला माणूस वाचायचा तर पहिली दहा-पंधरा मिनिटंच हातात असतात, आणि आइसफील्ड्स पार्कवेवर फोनला रेंज नसते. बाहेरून मदत येईपर्यंत ती मिनिटं निघून गेलेली असतात.

हिमालयासाठी असा अंदाज कोण देतं, असं तिकडे जाणाऱ्यांनी विचारलं म्हणून: आपल्याकडे हे काम डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेच्या डीजीआरई या प्रयोगशाळेकडे आहे. पूर्वीची सासे ही हिमस्खलनांचा अभ्यास करणारी संस्था २०२०मध्ये त्यात विलीन झाली, मुख्यालय चंडीगढला. वर्तमानपत्रांतून आपल्यापर्यंत पोचणारा त्यांचा इशारा अमुक जिल्हा, अमुक मीटरच्या वर, पुढचे चोवीस तास, धोका मध्यम किंवा जास्त, अशा रूपाचा असतो. तो जरूर पाहा, आला असेल तर पाळा. पण कुठल्या दिशेचा उतार, कुठल्या प्रकारचं स्खलन, किती वाजेपर्यंत, हे त्या बातमीत सापडणार नाही. मे महिन्याच्या सुट्टीत बर्फाची खिंड ओलांडणार असाल तर ते ट्रेक लीडरकडून काढून घ्या. खिंडीच्या आदल्या रात्री तंबूबाहेर येऊन आभाळ पाहा, चांदण्या दिसतात का. बर्फावर बूट आपटून पाहा. मग विचारा: किती वाजता निघणार, आणि किती वाजेपर्यंत पलीकडच्या उतारावरून खाली असणार? उत्तर "नाश्ता करून निघू, घाई काय" असं आलं, तर पुढच्या वर्षी दुसरी कंपनी शोधा, आणि या वर्षी खिंडीच्या अलीकडेच राहा.